अडलेली कप्पी

दिल्लीतील मायापुरी, कोलकात्यातील मल्लिक बाजार आणि चेन्नईतील पुदुपेट येथे मोडीत निघालेल्या वाहनांचे सुटे भाग विकले जातात. त्या ढिगांतील ऑल्टरनेटरला, म्हणजे इंजिनाच्या गतीपासून वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला, दोनच वाटा असतात. एक तर त्यातील तांबे आणि ॲल्युमिनियम वजनावर विकले जाते. नाही तर बेअरिंग व ब्रश बदलून ते यंत्र पुन्हा कामास लावले जाते. दुसऱ्या वाटेच्या तोंडाशीच कप्पी उभी असते. पुढील बेअरिंग तिच्या मागे असल्यामुळे ती निघाल्याखेरीज यंत्र पुरते उघडता येत नाही. ती काढताना दंडाचे आटे बिघडले, तर दुरुस्त होऊ शकणारे यंत्रही भंगारात जमा होते.

कप्पी दंडावर कशी धरून ठेवलेली आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. सामान्य रचनेत दंडाच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि त्यांवरील नट कप्पीला मागे दाबून धरतो. जुन्या धाटणीच्या यंत्रांत दंडाच्या खाचेत अर्धचंद्राच्या आकाराची एक लहान चावीही बसविलेली आढळते. पुष्कळ नव्या यंत्रांत ती नसते आणि केवळ नटाच्या दाबाने कप्पी दंडाबरोबर फिरते. म्हणजे नट निघाला की कप्पी हाताने सुटावयास हवी. ती सुटत नाही, याचे कारण बहुधा गंज होय. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. कप्पीचे भोक आणि दंड यांमधील अंतर अगदी थोडे असते; तेथे गंज धरला की तो पाचरीसारखे काम करतो.

नट सोडविताना दंड फिरू न देणे, ही पहिली अडचण. पुष्कळ दंडांच्या टोकाला षट्कोनी खळगा असतो. त्यात चावी घालून दंड स्थिर धरावा आणि नट पान्ह्याने फिरवावा. आटे सामान्यतः उजवे असतात; म्हणून समोरून पाहता नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. खळगा नसल्यास कप्पीच्या खाचेत जुना पट्टा गुंडाळून ती पट्ट्यासह व्हाइसमध्ये धरावी. पंख्याच्या पात्यांत किंवा आतील फिरत्या भागात पेचकस अडकवू नये. त्याने पाती वाकतात आणि तारांचे वेटोळे दुखावते.

नट निघाल्यावर दंड व कप्पी यांच्या सांध्यावर गंज सैल करणारे पातळ तेल सोडावे आणि यंत्र रात्रभर तसेच ठेवावे. तेल त्या बारीक फटीत सावकाश शिरते. घाई केल्यास ते बाहेरच राहते.

यानंतर पुलर लावावा. या साध्या साधनाचे मर्म असे, की त्याचे पंजे कप्पीला ओढतात आणि मधला स्क्रू दंडाला रेटतो. सगळे बळ या दोहोंतच फिरते. बेअरिंगवर किंवा ॲल्युमिनियमच्या कवचावर ते येत नाही. पंजे कप्पीच्या बाहेरील कडेला न अडकविता शक्य तितके मध्याजवळ, जाड भागामागे बसवावेत. कारण पत्र्याच्या कप्पीची कड वाकते आणि बिडाच्या कप्पीची तुटते. तत्पूर्वी नट उलट फिरवून दंडाच्या टोकाशी समपातळीत आणून ठेवावा. त्यामुळे आटे सुरक्षित राहतात आणि कप्पी एकाएकी सुटली तरी उडून अंगावर येत नाही. स्क्रूने मात्र नटाला नव्हे, तर दंडालाच रेटले पाहिजे. त्यासाठी टोकावर पोलादाचा लहानसा तुकडा ठेवावा. ताण दिल्यावर काही वेळ थांबावे आणि मग स्क्रू थोडा आणखी फिरवावा. ताणलेले साधन निसटू शकते. म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा आणि तोंड स्क्रूच्या रेषेत असू नये.

एवढ्यानेही कप्पी हलली नाही, तर उष्णतेचे साहाय्य घ्यावे. पोलाद दर अंशास आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश एवढे वाढते. भोक १७ मिलिमीटरचे असेल आणि कप्पी १०० अंशांनी तापविली, तर ते सुमारे ०.०२ मिलिमीटरने रुंदावते. ही वाढ अल्प दिसली, तरी गंजाची पकड सुटण्यास पुष्कळदा पुरेशी होते. मात्र दंड तापण्यापूर्वी कप्पी तापली पाहिजे. दोन्ही सारखेच तापले तर लाभ उरत नाही. म्हणून उष्णता भोकाभोवती फिरवीत लवकर द्यावी आणि थेंबभर पाणी टाकताच चुरचुरू लागले की थांबावे. त्यापुढे बेअरिंगमधील ग्रीस आणि त्याचे रबरी झाकण यांस धोका असतो. ज्योत वापरण्यापूर्वी तेल पूर्णपणे पुसणे अत्यावश्यक आहे. अन्यथा ते पेट घेईल.

काही नव्या वाहनांत कप्पीच्या आतच एका दिशेने मोकळी फिरणारी यंत्रणा असते. तिच्यावर बाहेरून नट दिसत नाही. प्लॅस्टिकचे टोपण काढल्यावर आत दाते दिसतात. अशी कप्पी स्वतःच आट्यांवर बसविलेली असल्याने ती ओढू नये व तापवू नये. तिच्या दात्यांत बसणारे खास साधन घेऊन ती फिरवूनच काढावी.

हातोडा मात्र दूर ठेवणेच श्रेयस्कर. दंडाच्या टोकावर घाव घातला की आटे पसरतात आणि बेअरिंगच्या गोळ्यांचे ठसे त्यांच्या मार्गावर उमटतात. छिन्नीने कप्पी उचकटल्यास ती वाकते किंवा कवचाला तडा जातो. वाकडी कप्पी डोळ्यांना किंचितच सदोष दिसते. परंतु इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असता ऑल्टरनेटर त्याच्या अडीचपट, म्हणजे ७,५०० फेरे घेत असू शकतो. त्या वेगात तोच किंचित दोष हादरे निर्माण करतो आणि नवे बेअरिंगही लवकर निकामी होते.

कप्पी निघाल्यावर चावी असल्यास ती जपून ठेवावी, दंडावरील गंज एमरी कागदाने काढावा आणि कप्पीत तडा नाही ना, हे उजेडात पाहावे. परत बसविताना दंडावर तेलाचा पातळ थर दिला, म्हणजे पुढच्या वेळी ते यंत्र उघडणाऱ्याचे काम सुकर होते.