निक बुओनिकॉन्टी : एका लाइनबॅकरची कारकीर्द

'फुटबॉल' म्हटले की पायाने खेळायचा चेंडू आपल्या डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत मात्र त्याच नावाचा खेळ मुख्यतः हातांनी खेळतात. चेंडू लंबगोल, प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. बचाव करणाऱ्या संघात पुढे धिप्पाड गड्यांची रांग असते आणि तिच्या मागे उभा राहतो तो लाइनबॅकर. समोरची चाल ओळखणे, सोबत्यांना इशारे देणे आणि रांग फोडून येणाऱ्याला धरून आडवे करणे, ही त्याची कामे. मी कबड्डी खेळतो; त्यामुळे पकडीवर जगणाऱ्या या गड्याविषयी मला कुतूहल वाटले.

निक बुओनिकॉन्टीचा जन्म १९४० साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे इटालियन वंशाच्या कुटुंबात झाला. घरचा धंदा बेकरीचा. नोत्र दाम विद्यापीठात त्याने नाव मिळवले. पण उंची सहा फुटांहून कमी, म्हणून मोठ्या लीगमधील एकाही संघाने त्याला निवडले नाही. १९६२ मध्ये प्रतिस्पर्धी लीगमधील बॉस्टन पेट्रियट्सने त्याला घेतले, तेही तेराव्या फेरीत! तेथे खेळता खेळता त्याने कायद्याचा अभ्यास केला व १९६८ मध्ये पदवी मिळवली.

१९६९ पासून तो मायामी डॉल्फिन्सकडे आला. १९७२ च्या हंगामात या संघाने सतराच्या सतरा सामने जिंकले. अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा १४-७ असा पराभव झाला. त्यात निकने प्रतिपक्षाची एक फेक मधेच झेलली होती. असा अपराजित राहून अजिंक्यपद मिळवणारा दुसरा संघ त्या लीगमध्ये अद्याप झालेला नाही. १९७६ नंतर तो निवृत्त झाला.

येथे ही कथा संपली असती, तर ती केवळ यशोगाथा ठरली असती. १९८५ मध्ये त्याचा मुलगा मार्क महाविद्यालयीन सामन्यात पकड करताना जायबंदी झाला. तोही लाइनबॅकरच. मान मोडली आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. त्याच वर्षी पित्याने डॉ. बार्थ ग्रीन यांच्यासह पक्षाघातावर संशोधन करणारा 'मायामी प्रोजेक्ट' उभा केला व त्यासाठी आयुष्यभर निधी जमवला.

पुढे निकची स्वतःचीच स्मृती ढासळू लागली. डोक्यास वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूचा एक विकार जडतो. त्याचे खात्रीचे निदान मृत्यूनंतरच होते. म्हणून २०१७ मध्ये त्याने आपला मेंदू संशोधनासाठी देण्याचे जाहीर केले. २०१८ मध्ये, चौदा वर्षांखालील मुलांना धडक देऊन पाडण्याचा खेळ शिकवू नये, असे त्याने पालकांना कळकळीने सांगितले. २०१९ मध्ये तो वारला. मृत्यूनंतरच्या तपासणीत तो विकार आढळला.

गेल्या वर्षी एका पकडीत माझे डोके जमिनीवर आपटले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तोंडावर पाणी मारून मी पुन्हा मैदानात उतरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला अभिमान वाटत असे. निकची हकीकत वाचल्यावर वाटते, त्या दिवशी मला कोणीतरी हाताला धरून बाहेर बसवायला हवे होते. यंदा संघात नवी मुले आली आहेत. त्यांच्यापैकी कोणाचे डोके आपटले, तर ते काम मी करणार आहे.