रंग मूर्तीवर बसतो, की हवेत उडतो?

ताईंनो, पेणच्या गणपती कारखान्यांत ब्रशबरोबर आता कॉम्प्रेसर आणि स्प्रे गनही दिसते. मूर्ती, पणत्या, लाकडी वस्तू रंगवणारे आपले गटही गन घ्यायचं म्हणतात. गटाचं कर्ज काढून घ्यायची वस्तू आहे, तर आधी ती समजून घेऊया.

गन आली कुठून?
अमेरिकेतील डॉ. डेव्हिल्बिस यांनी १८८० च्या दशकात रुग्णाच्या घशात औषध फवारायचं साधन बनवलं. त्यांचा मुलगा थॉमस याने १९०७ मध्ये त्याच तत्त्वावर रंगाची गन केली. जोराची हवा रंगाचे बारीक बारीक थेंब करते, एवढंच ते तत्त्व.

जुन्या गनची अडचण
हवेचा दाब फार. रंग वस्तूवर आपटतो आणि उलटा उडतो. निम्म्याहून जास्त रंग वाया जातो. काही भिंतीवर, काही आपल्या नाकात!

काय सुधारलं?
१. जास्त हवा, कमी दाब : या गनला दुकानात ‘एचव्हीएलपी’ म्हणतात. नोझलपाशी हवेचा दाब १० पीएसआयच्या वर जात नाही. नीट वापरली तर १०० भागांतले साधारण ६५ भाग रंग वस्तूवर बसतो.
२. कप वर : पूर्वी रंगाचा डबा गनखाली असे, हवेने रंग ओढावा लागे. आता कप वर असतो. रंग आपोआप उतरतो, तळाशी कमी उरतो. थोड्या रंगाच्या कामाला हे बरं.
३. वेगवेगळे स्क्रू : एकाने रंग कमी-जास्त होतो, दुसऱ्याने फवारा गोल किंवा पसरट होतो.

हिशोब करून बघा
वस्तूंवर ६५० मिली रंग बसायला हवा. १०० तले ६५ बसले, तर १ लिटर रंग पुरतो. ३५ च बसले, तर जवळजवळ १ लिटर ८५० मिली लागतो. फरक तुमच्या नफ्यातून जातो.

पण घाई नको. या गनला हवा जास्त लागते. गनवरचा आणि कॉम्प्रेसरवरचा ‘सीएफएम’ आकडा ताडून पाहा. कॉम्प्रेसर लहान पडला तर नवी गनही थुंकल्यासारखा रंग टाकते.

हात कसा चालवायचा?
वस्तूपासून १५ ते २० सेंमी अंतर ठेवा. मनगट न फिरवता हात सरळ न्या. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवा. काम संपलं की गन लगेच धुवा.

जीव आधी, काम नंतर
गन कितीही सुधारली तरी धुकं थोडं उडतंच. पदर किंवा कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बन फिल्टरचा मास्क लागतो. जागा हवेशीर हवी. जवळ चूल, दिवा, उदबत्ती नको, थिनर पेट घेतो. लहान मुलं आणि गरोदर ताई तिथे नकोत. जमेल तिथे पाण्यात मिसळणारा रंग घ्या. २०१६ च्या नियमाप्रमाणे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. डब्यावर तसं लिहिलंय का, ते वाचून घ्या.

बैठकीत चर्चा करा
• वर्षातून किती दिवस गन चालेल?
• आपल्या कॉम्प्रेसरची हवा पुरेल का?
• मास्कचा खर्च कर्जाच्या अर्जात धरला का?