वाहिन्यांचे हस्तांतर आणि नावातील मराठी

उद्दिष्टे
या उपघटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• प्रक्षेपण परवाना, मालकी आणि नाममुद्रा यांतील फरक सांगता येईल.
• वाहिनीच्या नामांतराचा भाषिक अंगाने विचार करता येईल.

विषय विवेचन
ब्रिटनमधील ‘आयटीव्ही’ या जाळ्यात प्रत्येक प्रदेशाचा प्रक्षेपण परवाना स्वतंत्र कंपनीकडे असे. १९९० च्या प्रसारण कायद्यानुसार १९९१ मध्ये या परवान्यांसाठी बोली मागवण्यात आली. लंडनचा आठवड्यातील कामाच्या दिवसांचा परवाना ‘थेम्स’ कंपनीने गमावला. तो ‘कार्लटन’ला मिळाला. तरीही ३१ डिसेंबर १९९२ पर्यंत प्रक्षेपणाची जबाबदारी थेम्सकडेच होती. पुढेही थेम्स कार्यक्रमनिर्मितीत राहिली आणि ‘द बिल’ ही तिची मालिका आयटीव्हीवर चालू राहिली. परवाना गमावलेली कंपनी त्याच जाळ्याची पुरवठादार झाली. स्पर्धकांचे संबंध तुटले नाहीत. त्यांचे स्वरूप बदलले.

भारतात उपग्रह वाहिन्यांना असा प्रदेशनिहाय मक्ता दिला जात नाही. इचलकरंजीलगतच्या कबनूरसारख्या यंत्रमागांच्या गावात सर्व स्पर्धक मराठी वाहिन्या एकाच घरात पोहोचू शकतात. म्हणून आपल्याकडे हस्तांतर होते ते प्रदेशाचे नव्हे, तर मालकीचे किंवा नाममुद्रेचे.

याचे ठळक उदाहरण म्हणजे २००७ मध्ये सुरू झालेली ‘स्टार माझा’ ही वृत्तवाहिनी. तिच्या कंपनीत आनंद बाजार पत्रिका समूहाचा ७४ टक्के आणि स्टारचा २६ टक्के वाटा होता. वृत्तवाहिन्यांतील परकीय भांडवलाची तेव्हाची मर्यादाही २६ टक्केच होती. ‘स्टार’ हे नाव कराराने वापरले जात होते. २०१२ मध्ये ही व्यवस्था संपुष्टात आली आणि १ जून २०१२ पासून वाहिनी ‘एबीपी माझा’ झाली. त्याच वेळी बंगालीतील ‘स्टार आनंद’ ही ‘एबीपी आनंद’ झाली.

त्या काळात ‘झी २४ तास’ आणि ‘आयबीएन लोकमत’ या वाहिन्या स्पर्धेत होत्या. ओळखीचे नाव गेले की प्रेक्षक शेजारच्या वाहिनीकडे वळण्याचा धोका असतो. अशा वेळी काय बदलले आणि काय राखले, हे पाहा. ‘स्टार’ गेले, ‘माझा’ राहिले. २००० मध्ये सुरू झालेली ‘ईटीव्ही मराठी’ २०१५ मध्ये ‘कलर्स मराठी’ झाली. ‘आयबीएन लोकमत’ पुढे ‘न्यूज१८ लोकमत’ झाली. नावाचा पूर्वार्ध भांडवल आणि जाळे यांची ओळख सांगतो, तर उत्तरार्ध प्रेक्षकाशी असलेले नाते सांगतो. म्हणूनच हस्तांतरात पूर्वार्ध बदलतो आणि उत्तरार्ध जपला जातो.

मात्र नावातील मराठी टिकली म्हणून पडद्यावरील मराठी टिकली, असा निष्कर्ष काढता येत नाही. बातमीची वाक्यरचना, मालिकांतील बोली आणि ग्रामीण शब्दांना मिळणारे स्थान यांची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते. भाषेच्या अभ्यासकाचे काम येथून सुरू होते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. प्रदेशनिहाय परवाना आणि नाममुद्रेचा करार यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘माझा’ या सर्वनामातून प्रेक्षकाशी कोणते नाते सूचित होते?
३. आपल्या गावातील दहा प्रेक्षकांशी बोला. ते वाहिन्यांची जुनी नावे वापरतात का, याची नोंद करून पाच ओळींत निष्कर्ष लिहा.