ऑटोस्केलिंग असूनही साइट का पडली?

प्रश्न : आम्ही देवगडहून हापूसची ऑनलाइन विक्री करतो. क्लाउडवर ऑटोस्केलिंग चालू असूनही बुकिंग उघडताच साइट बंद पडली. असं का झालं?

उत्तर : ऑटोस्केलिंग गर्दी आल्यावर जागं होतं. सर्व्हरवरचा भार काही मिनिटं मर्यादेबाहेर राहिला की नवा सर्व्हर मागवला जातो; तो कामाला लागेपर्यंत आणखी वेळ जातो. तुमची गर्दी तर पहिल्याच मिनिटाला आली. म्हणूनच हॉटस्टारने मोठ्या क्रिकेट सामन्यांसाठी नेहमीच्या ऑटोस्केलिंगवर भिस्त ठेवली नाही, सर्व्हर आधीच वाढवून ठेवले. २०१९च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात तिथे एकाच वेळी सुमारे २.५ कोटी प्रेक्षक होते. गंमत म्हणजे, धोनी बाद होताच लोक व्हिडिओ सोडून मुख्य पानावर परतले आणि भार तिकडे वळला! तेव्हा गर्दी ओसरतानाही सर्व्हर घाईने कमी करू नयेत.

तुम्हाला बुकिंगची वेळ आधीच ठाऊक असते. अर्धा तास अगोदर किमान सर्व्हरसंख्या वाढेल असं वेळापत्रक लावा. डेटाबेसही तपासा. दहा वेब सर्व्हर एकाच छोट्या डेटाबेसवर तुटून पडले, तर खर्च वाढूनही साइट पडेलच. आणि कमाल संख्येची मर्यादा घालायला विसरू नका. बिल तुमच्याच नावावर येतं.