परका, उपरा, परप्रांतीय : स्थलांतराविषयीचे लोकमत आणि त्याची भाषा

प्रास्ताविक

भाषा आणि समाज यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास करताना बोली, प्रमाणभाषा, राजभाषा असे विषय प्रथम समोर येतात. प्रस्तुत घटकात त्याच संबंधाची एक अवघड बाजू पाहावयाची आहे. बाहेरून येऊन वस्ती करणाऱ्या माणसांविषयी समाजाचे मत कसे बनते आणि ते मत कोणत्या शब्दांतून व्यक्त होते, हा आपला प्रश्न आहे. त्यासाठी आपण मुख्यतः मीरा-भाईंदर या शहराचे उदाहरण घेणार आहोत. तुमच्यापैकी अनेकजण स्वतः नोकरीधंद्यानिमित्त गाव सोडून शहरात आला असाल, किंवा तुमच्या शेजारी असे कोणी राहावयास आले असेल. तो अनुभव बाजूला ठेवू नका. या घटकाच्या अभ्यासात तो उपयोगी पडेल.

‘प्रांत’ गेला, ‘परप्रांतीय’ राहिला

‘परप्रांतीय’ हा शब्द आपण सहज वापरतो. पण ‘प्रांत’ ही ब्रिटिश अमदानीतील प्रशासकीय रचना होती. १९५० साली राज्यघटना अमलात आल्यावर प्रांत संपले आणि राज्ये आली. तरीही मराठीत ‘परराज्यीय’ हा शब्द रुळला नाही, आणि ‘परराज्यातील’ हा शब्द सरकारी कागदावरच राहिला. लोकांच्या तोंडी ‘परप्रांतीय’च आहे. याचा अर्थ, हा शब्द नकाशावरील रेषेवर अवलंबून नाही.

इतिहासातील एक दाखला पाहू. सुरतेहून येऊन भुलेश्वरला दुकान चालविणारा व्यापारी मुंबई इलाख्याचाच रहिवासी होता. नागपूरचा कारकून मात्र शब्दशः दुसऱ्या प्रांतातील, म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाडातील होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ हे प्रदेश मुंबई राज्यास जोडले गेले व विशाल द्वैभाषिक अस्तित्वात आले. त्या दिवशी राजकोटचा आणि अकोल्याचा माणूस एकाच राज्याचे नवे नागरिक झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये निर्माण झाली आणि भुलेश्वरचा तोच व्यापारी, आपल्या दुकानातून न हलता, दुसऱ्या राज्याच्या भाषेचा माणूस ठरला. नागपूरच्या कारकुनाला मात्र मराठी समाजाने आधीही परका मानले नव्हते. ‘पर’ आणि ‘स्व’ यांतील भेद प्रांताने नव्हे, तर भाषेने ठरविला होता.

येथे एक घटनात्मक बाब लक्षात ठेवावयास हवी. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ नुसार नागरिकास देशात कोठेही संचार करण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य आहे. वाजवी निर्बंधांचे अपवाद आहेत. परंतु कोणतेही राज्य केवळ संख्या वाढते म्हणून आपले दार लावून घेऊ शकत नाही. युरोपीय संघात असे दार काही काळ लावता आले. १ मे २००४ रोजी पोलंड, हंगेरी आदी दहा देश संघात सामील झाले, तेव्हा जुन्या सदस्य देशांना नव्या देशांतील बहुतेकांच्या कामगारांवर जास्तीत जास्त सात वर्षे निर्बंध ठेवण्याची मुभा होती. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी ती वापरली नाही. इंग्लंड व वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेल्यांची संख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५८ हजार होती. २०११ मध्ये ती ५ लाख ७९ हजार झाली. फ्रान्सने निर्बंध ठेवले, तरी २००५ मध्ये तेथील राजकारणात ‘पोलिश प्लंबर’ हा शब्दप्रयोग गाजला. प्रत्यक्ष माणसे येण्यापूर्वीच त्यांचे नाव येऊन पोहोचले होते! आपल्याकडे राज्याच्या सीमेवर असे कायदेशीर दार नाही. त्यामुळे ते काम शब्दांकडे येते.

संख्येचे कोडे

बाहेरून येणारे वाढले की विरोध वाढतो, असे सामान्यतः मानले जाते. मुंबईचा इतिहास या समजुतीस पूर्णपणे दुजोरा देत नाही. १९६० साली ‘मार्मिक’ साप्ताहिक सुरू झाले आणि १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. त्या काळी रोखाचे लक्ष्य होते दाक्षिणात्य कारकून आणि टंकलेखक. वस्तुतः मुंबईत गुजराती भाषकांची संख्या दाक्षिणात्यांहून अधिक होती. मायरन वायनर यांनी ‘सन्स ऑफ द सॉइल’ (१९७८) या ग्रंथात अशा भूमिपुत्र चळवळींचा अभ्यास केला. स्थानिक समाजात नव्याने शिकलेला मध्यमवर्ग तयार होतो आणि त्याला हव्या असलेल्या जागांवर बाहेरचे लोक आधीच बसलेले दिसतात, तेव्हा विरोध धार घेतो, हे त्यांच्या विवेचनाचे मर्म आहे. शाळा शिकलेल्या मराठी तरुणाला कचेरीतील खुर्ची हवी होती; पेढी नको होती. म्हणून रोख पेढीवर नव्हे, खुर्चीवर गेला. ‘मद्रासी’ या एका शब्दात तेव्हा तमिळ, मलयाळी, कन्नड आणि तेलुगू असे चार भाषिक समाज कोंबले गेले, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्याने विशेष नोंदवावी. पुढे रोख उत्तर भारतीयांकडे वळला आणि शब्द बदलला. ‘भय्या’ म्हणजे भाऊ. नात्याचा शब्द हिणविण्याचा शब्द कसा होतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

मीरा-भाईंदर : कोण आधी, कोण नंतर?

वसईच्या खाडीच्या दक्षिणेस असलेला हा परिसर एकेकाळी मिठागरे, भातशेती आणि मासेमारी यांवर जगत होता. आगरी, कोळी आणि उत्तन-डोंगरी भागातील ख्रिस्ती समाज हे येथील जुने रहिवासी. १९८५ साली गावे एकत्र करून नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ५ लाख २० हजार, तर २०११ मध्ये ८ लाख ९ हजार होती. मुंबईत घर न परवडणारा माणूस पश्चिम रेल्वेच्या या दोन स्थानकांशी उतरू लागला. त्यात गुजराती, राजस्थानी, उत्तर भारतीय होते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर सुरक्षित वस्ती शोधणारी मुस्लीम कुटुंबे होती. आणि चाळीतील खोली विकून आलेली मराठी कुटुंबेही होती. म्हणजे उत्तनच्या कोळ्याच्या दृष्टीने पाहिल्यास मीरा रोडच्या इमारतीतील बहुतेक सर्वच नंतरचे.

२०२५ च्या जूनअखेर येथे काय घडले, ते तुम्ही वृत्तपत्रांत वाचले असेल. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारे शासन निर्णय तीव्र विरोधानंतर २९ जून रोजी मागे घेण्यात आले. त्याच सुमारास मराठीचा आग्रह धरणाऱ्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी मीरा रोड येथील एका दुकानदारास मारहाण केली. व्यापाऱ्यांनी निषेध केला. त्यास उत्तर म्हणून ८ जुलै रोजी मराठी भाषकांचा मोर्चा ठरला. पोलिसांनी आरंभी परवानगी नाकारली, धरपकड केली. तरी मोर्चा निघाला.

या घटनाक्रमातील दोन विधाने वेगळी करून पाहा. “मला मारले जाऊ नये” हे एक. “माझ्या राज्यात मला माझ्या भाषेत व्यवहार करता यावा” हे दुसरे. ही दोन्ही विधाने परस्परविरोधी नाहीत; एकच माणूस ती दोन्ही करू शकतो. मारहाणीने मात्र ती एकमेकांसमोर उभी केली. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठीच्या मागणीचे सर्वांत मोठे नुकसान तेथेच झाले, कारण दुसऱ्या विधानाची चर्चा करण्याऐवजी सर्वांना पहिल्याचीच चर्चा करावी लागली. दुसरीकडे, ८ जुलैच्या मोर्चामागे केवळ द्वेष पाहणेही उथळपणाचे आहे. ‘व्यापाऱ्यांना रस्त्यावर येता येते, मग आम्हाला का नाही?’ हा प्रश्न तेथे वारंवार विचारला गेला. तो बाहेरच्या माणसाविषयीचा प्रश्न नाही. तो आपल्याच शासनाला विचारलेला, मानाचा प्रश्न आहे. १९६६ मध्ये मुद्दा नोकरीचा होता, येथे तो मानाचा झाला. वायनर यांची चौकट येथे अपुरी पडते.

आपला तो ‘चाकरमानी’

आता नामकरणाकडे परत येऊ. कोकणातून मुंबईस जाणाऱ्यास मराठीने ‘चाकरमानी’ हा शब्द दिला. त्यात चाकरी आहे, पण गणपतीला घरी येणाऱ्याचे कौतुकही आहे. उत्तर प्रदेशातून त्याच कारणासाठी त्याच शहरात येणाऱ्यांचे मात्र ‘लोंढे’ येतात. लोंढा पाण्याचा असतो. त्याला चेहरा, गाव, घरी वाट पाहणारी आई नसते. एका शब्दात माणूस दिसतो, दुसऱ्यात आपत्ती.

आणि परकेपणा भाषेच्या आतही असतो. लक्ष्मण माने यांच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे नाव ‘उपरा’ आहे. कैकाडी समाजात जन्मलेला हा मराठी लेखक परप्रांतातून आलेला नव्हता. गावाने त्याच्या समाजास वेशीबाहेर ठेवले होते. भाषेने स्वकीय ठरतो असे आपण वर म्हटले. या पुस्तकासमोर ते विधान अपुरे ठरते, आणि विद्यार्थ्याने ते तसेच वाचावे.

स्वाध्याय

१. तुमच्या इमारतीत, चाळीत किंवा गावात बाहेरून आलेल्यांसाठी वापरले जाणारे किमान पाच शब्द आठवडाभर ऐकून नोंदवा. प्रत्येक शब्द कोण, कोणाविषयी आणि कोणाच्या समोर वापरतो, ते लिहा. समोर व पाठीमागे वेगवेगळे शब्द वापरले जात असतील, तर त्यांची स्वतंत्र नोंद करा.

२. तुमच्या कुटुंबातील कोणी गाव सोडून अन्यत्र स्थायिक झाले असल्यास त्यांना विचारा : तेथील लोक तुम्हाला काय म्हणत असत? उत्तर त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या.