समुद्राची खोली कशी मोजावी?

दोन्ही हात पसरल्यावर जेवढी लांबी होते, तिला वाव म्हणतात. दोराला शिसे बांधून पाण्यात सोडतात व वावेने मोजतात.

सुट्टीत मी होडीतून दोर सोडला. शिसे तळाला टेकले. मी ओरडलो, “9 वाव पाणी!” गरी तळाच्या वर राहावी म्हणून बाबांनी 8 वाव दोर सोडला. गरी खडकात अडकली. दोर तुटला!

बाबा म्हणाले, “अरे, तुझे हात केवढे, माझे केवढे!”

घरी मोजले. माझी वाव 4 फूट, बाबांची 6 फूट. 9 × 4 = 36 फूट, म्हणजे बाबांच्या मापाने 6 वाव.

पाण्याला ओढ असली की दोर तिरका जातो व माप जास्त भरते. म्हणून दोर उभा असतानाच मोजावे.

मित्रांनो, जो मोजेल त्यानेच दोर सोडावा!