घटक ७ : मुक्तस्रोत प्रकल्पातील दुरुस्ती – सादरीकरण आणि परीक्षण

७.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• ‘पॅच’ ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• सादर करण्यायोग्य दुरुस्तीची लक्षणे सांगता येतील.
• दुसऱ्याने सुचवलेल्या दुरुस्तीचे परीक्षण करता येईल.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ग्रंथाचा संपादक मनास येईल तसा पाठ बदलत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकारलेला पाठ वर आणि इतर पाठभेद खाली दिलेले आढळतात. त्यामुळे संपादकाचा निर्णय वाचकाला पडताळून पाहता येतो. संगणकाच्या आज्ञावलीत दुरुस्ती करतानाही हीच शिस्त लागते.

ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते, तिला मुक्तस्रोत म्हणतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ टंक रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये खुल्या परवान्याखाली उपलब्ध केले. अशा कामातील मराठीची चूक कळवण्याचा आणि सुधारण्याचा मार्ग मराठीच्या अभ्यासकालाही मोकळा असतो.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ पॅच म्हणजे काय?

पॅच म्हणजे ठिगळ. संपूर्ण संहिता पुन्हा न पाठवता बदललेल्या ओळी तेवढ्या दाखवणारा मजकूर म्हणजे पॅच. वगळलेल्या ओळीपुढे उणे आणि नव्या ओळीपुढे अधिक चिन्ह असते.

समजा, मुळशी तालुक्यातील भुकूम येथे बसून तुम्ही एका नकाशाच्या आज्ञावलीचे मराठी रूप वापरत आहात. पडद्यावर ‘मुळशीतील दर्या’ असे शब्द दिसतात. दर्या म्हणजे समुद्र. मुळशीत तर डोंगर आणि दऱ्या आहेत. तेव्हा पॅच असा होईल :

− मुळशीतील दर्या
+ मुळशीतील दऱ्या

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतही हाच भेद आहे. युनिकोडमध्ये साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ यांतून ‘र्य’ होतो; ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ यांतून ‘ऱ्य’ होतो. म्हणून आधी चुकीचे मूळ शोधावे. तोच शब्द दुसऱ्या टंकात बरोबर दिसला, तर दोष टंकाचा. तेथेही ‘दर्या’च दिसला, तर दोष मजकुराचा. पॅच त्यानुसार योग्य प्रकल्पाकडे पाठवावा.

७.३.२ सादर करणाऱ्याने पाळावयाचे नियम

१) एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती असावी. ‘दऱ्या’ सुधारताना जवळचा न आवडलेला पारिभाषिक शब्द बदलू नये. त्यावर वाद झाल्यास निर्विवाद दुरुस्तीही अडकून पडते.

२) कारण लिहावे. ‘चूक सुधारली’ एवढे पुरेसे नाही. ‘येथे दरी या शब्दाचे अनेकवचन हवे, रफारामुळे अर्थ समुद्र असा होतो’ असे लिहावे. परीक्षकाला मराठी येत असेलच असे नाही. त्याला ही दोन रूपे एकाच अक्षराची दोन वळणे वाटू शकतात. अर्थभेद पटवून देण्याची जबाबदारी आपली असते.

३) दुरुस्ती संहितेच्या अद्ययावत प्रतीवर करावी आणि ती पडद्यावर प्रत्यक्ष पाहूनच पाठवावी.

४) दायित्व स्वीकारावे. लिनक्सच्या गाभ्यासाठी पॅच पाठवणारा २००४ पासून ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ आपल्या नावासह जोडतो. हा बदल प्रकल्पाच्या परवान्याखाली देण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी ती ग्वाही असते.

७.३.३ परीक्षकाने पाळावयाचे नियम

परीक्षकाने आधी कारण वाचावे, मग ओळी. पॅच जे सांगतो तेच करतो का, आणि त्यामुळे दुसरीकडे काही बिघडते का, हे पाहावे. एखाद्याने उत्साहाने सर्वच ‘र्य’ बदलून ‘ऱ्य’ केले, तर ‘दऱ्या’ सुधारेल. पण ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आचार्य’ हे शब्द बिघडतील. एक चूक जाऊन शेकडो येतील. ही हानी वेळीच रोखणे हे परीक्षणाचे मुख्य प्रयोजन होय.

अभिप्राय ओळीविषयी असावा, व्यक्तीविषयी नसावा. ‘तुम्हाला मराठी येत नाही’ या वाक्याने काहीच सुधारत नाही. ‘या बदलाने सूर्य हा शब्दही बदलतो’ या वाक्याने पाठवणाऱ्याला पुढची वाट दिसते. अनिवार्य सुधारणा कोणती आणि केवळ आपली आवड कोणती, हे वेगळे सांगावे. नकार देताना कारण द्यावे. पाठवणाऱ्यानेही नकार हा अपमान मानू नये. सुधारित पॅच पाठवून मागच्या वेळेपेक्षा काय बदलले ते नमूद करावे.

७.४ समारोप

पॅच ही एक युक्तिवादासह मांडलेली सूचना असते आणि परीक्षण ही त्या युक्तिवादाची कसोटी असते. चुकीचा शब्द आज्ञावलीत एकदा रुजला, की प्रत्येक वापरणाऱ्यापुढे तोच येतो आणि नव्या पिढीला तोच बरोबर वाटू लागतो. तो बदलण्यासाठी केवळ तक्रार पुरत नाही; नेमकी ओळ आणि नेमके कारण द्यावे लागते. ते देण्याची पात्रता भाषेच्या विद्यार्थ्याच्या अंगी असते.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१) एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती का असावी?
२) ‘दर्या’ ही चूक टंकाची की मजकुराची, हे कसे ओळखाल?
३) तुमच्या भ्रमणध्वनीवरील मराठीतील एक चूक निवडा. तिच्यासाठी उणे-अधिक ओळी आणि तीन वाक्यांचे कारण लिहा. ते सहाध्यायाकडून तपासून घ्या.